चौदाव्या प्रश्नाच्या बाई

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, बाईंचे. आईवडिलांचे असतातच, त्यांच्याबद्दल वेगळं बोलायचं नसतं. पण मासवणच्या डोंगरउतारावरच्या शेतातून उठून मी पुढे जो काही झालो, चार शिकलेल्या माणसांत उभं राहून बोलू लागलो, तो राज्यशास्त्राच्या आमच्या बाईंमुळे. मुंबईच्या एका कॉलेजात त्या शिकवायच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्यांना आवडत नसे. "विधान खरं असेल तर ते कोणी केलं यानं काय फरक पडतो?" असं त्या म्हणत. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मात्र त्यांना एकच जाणून घ्यायचं असे. हे कोणी केलं? कोणी ठरवलं?

बोईसरला स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक भातगिरणी होती. तिच्या माडीवर एक खोली घेऊन बाई राहत. कॉलेजला सुट्टी असली की महिना महिना राहत. गिरणी चालू झाली की खोलीतली कपबशी वाजायची आणि पुस्तकांवर कोंड्याची पिवळी पूड बसायची. बाई त्यावर फुंकर मारून वाचत. सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी कात्री काढायच्या. ‘असा निर्णय झाला’, ‘असे ठरविण्यात आले’ अशा बातम्या कापून एका वहीत चिकटवायच्या आणि शेजारी लाल पेन्सिलीनं लिहायच्या, ‘कोणी?’ पानामागून पानं तशीच. बोईसरच्या पोस्टमननं ती वही एकदा उघडी पाहिली आणि मला जिन्याखाली गाठून हळूच विचारलं, "बाई बऱ्या हायत ना रे?"

त्याची शंका अगदीच वावगी नव्हती. सुती पातळावर त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि दर रविवारी ते घासून गिरणीच्या कठड्यावर वाळत ठेवत. लहान मुलांना ‘अहो’ म्हणत. दारात आडवी बसलेली शेळी असली तर तिलाही "जरा सरकता का?" म्हणून थांबून राहत. आणि कोणाच्या घरी प्रश्न विचारायला गेल्या की विचारणं संपेपर्यंत चहाला हात लावत नसत. चहा समोर निवत असे, घरधनीण ओशाळत असे. "तुमचा चहा घेतला की मग मला तुमचं उत्तर आवडायला लागेल," असं बाई तिला समजावत. ते तिला कळत नसे. शेवटी निवलेला चहा बाई आनंदानं पीत.

बोईसरच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. बोंबील घेऊन बसलेल्या एका कोळणीला बाईंनी भाव विचारला. तिनं सांगितला.

"हा भाव कोणी ठरवला?" बाईंनी विचारलं.

कोळणीनं मान वर करून त्यांना बुटांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "मी ठरवला. अजून कोन ठरवनार, तुजा बापूस? घेतंस तं घे, नाय तं उन्हात उबी ऱ्हा."

मी खाली बघू लागलो. बाईंनी मात्र पर्समधून चिठोरं काढून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि बोंबील विकत घेतले. त्या मासे खात नसत. परतताना म्हणाल्या, "दोन महिन्यांत मला सरळ उत्तर देणारी ही पहिली व्यक्ती."

बोंबील गिरणीच्या हमालाला मिळाले.

त्यांची माझी गाठ पडली ती मी पालघरच्या नव्या कॉलेजातून बी.ए. झालो त्या वर्षी. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. परदेशी इंजिनियर येत, जीपगाड्या धुरळा उडवत जात, आणि आमच्या तालुक्याचं नाव जगाच्या नकाशावर आलं असं आमचे शिक्षक वर्गात सांगत. बाईंना त्या भागातल्या लोकांची पाहणी करायची होती. दोन देश करार करतात, यंत्रं समुद्रावरून येतात, मोठमोठी माणसं सह्या करतात, आणि ज्याच्या अंगणापलीकडे हे सगळं उभं राहतं त्याला हे कोणाचं काम वाटतं? किनाऱ्यावरच्या गावांत विचारायचं आणि ताडून बघायला आतल्या डोंगराकडच्या गावांतही विचारायचं. दोन्हीकडची बोली कळणारा एक मुलगा त्यांना हवा होता. आमच्या सरांनी मला पाठवलं.

"तुमच्या गावाला सडक आली ती कोणी आणली?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

"सरकारनं," मी म्हणालो.

"सरकार आलं होतं? तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग कोण आलं होतं?"

"मुकादम आला होता. शिट्टी वाजवायचा."

"मग मुकादमानं आणली म्हणा. सरकार हे तुम्ही पुस्तकात वाचलंत." आणि मला कामावर घेतलं.

दुपारी गिरणी बंद असली की त्या वरणभात आणि एक उकडलेलं अंडं घेऊन बसत आणि मला शिकवत. परदेशातून टपालानं येणारी नियतकालिकं गुंडाळी सोडवली तरी पुन्हा गोल होत. त्यांच्या टोकांवर पितळी वाट्या ठेवून बाई वाचत आणि मराठीत सांगत. एकदा मी धीर करून विचारलं, की आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे नेमकं काय? त्यांनी वाट्या उचलून नियतकालिक मिटलं. दुसऱ्या दिवशी मला किनाऱ्यावर घेऊन गेल्या. तिथल्या दोन कोळीवाड्यांत जुना वाद होता. समुद्रात खुंट रोवून मोठी जाळी लावतात, ते खुंट कोणी कुठवर रोवायचे, याचा. दोन्हीकडची म्हातारी माणसं वाळूत बसली होती. कागद नाही, कोर्ट नाही, वर पंच नाही. बाई आणि मी दिवसभर उन्हात बसलो. संध्याकाळपर्यंत शिव्या, रुसवे, मग विड्या, मग पुढच्या उधाणापर्यंत एक हद्द ठरली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "ह्यांच्या वर कोणी नाही, तरी ह्यांना उद्या एकाच पाण्यात जायचं आहे. देशांचं असंच असतं. आणि लक्षात ठेवा, देश बोलत नसतात. माणसं बोलतात आणि देशाचं नाव सांगतात."

पुढे एम.ए.ला मी जाडजाड पुस्तकं वाचली. त्या वाळूत जे कळलं होतं त्यात फार भर पडली नाही.

आता मला ती गोष्ट सांगायला हवी, जी टाळून हे लिहिता आलं असतं.

बाईंच्या प्रश्नावलीत चौदावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. ‘हे केंद्र इथे बांधायचे कोणी ठरवले?’ बाकीचे प्रश्न त्याच्या आजूबाजूला उभे केले होते. कॉलेजच्या परीक्षा आल्या म्हणून बाईंना मुंबईला जावं लागलं आणि गावांचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोरे फॉर्म भरून दिले, म्हणजे समुद्राचा दमट वारा लागू नये. एकच सूचना. "ते म्हणतील ते लिहा. बरोबर की चूक हे आपण ठरवायचं नाही."

मी सायकलवरून गावं फिरलो. किनाऱ्यावर एक म्हातारे कोळीबाबा होते, त्यांचं घर नव्या जागेवर हलवलं होतं. त्यांना चौदावा प्रश्न विचारला तेव्हा ते सहज म्हणाले, "तलाठ्यानं. तोच आलता ना कागद घेऊन." शेजारचा म्हणाला, "गोऱ्या सायबानं." कोणी म्हणालं, "आमच्या नशिबानं." आणि बायका, जवळजवळ सगळ्या, "ठाव नाय." आतल्या गावांकडे गेलो तर तिकडेही तेच. "ठाव नाय. आमाला कोन सांगतो?"

एके दिवशी बोईसरच्या चहाच्या हॉटेलात मी भरलेले फॉर्म लावत बसलो होतो. शेजारच्या बाकावर कुठल्याशा ठेकेदाराचा कारकून होता. त्यानं एक फॉर्म उचलला, वाचला आणि सोबत्यांना दाखवला. "अरे देखो भाई, अणुशक्ती किसने बनाई? तलाठी ने!" सगळे हसले. मग तो माझ्याकडे वळला. "तू इनका ही आदमी है क्या?"

मी म्हणालो, "नाही. मी बी.ए. आहे."

हे मी म्हणालो. इतकी वर्षं झाली, ते वाक्य अजून माझ्या कानांतून गेलेलं नाही.

पुढचे आठ दिवस मी फॉर्म पुन्हा लिहून काढले. मनाशी कारण दिलं, की मूळचे मळले आहेत, माशांचा वास लागला आहे, बाईंना सुवाच्य द्यावेत. आणि लिहिता लिहिता चौदाव्या प्रश्नापुढे ‘तलाठी’च्या जागी ‘केंद्र सरकार’ लिहिलं. ‘ठाव नाय’च्या जागी ‘केंद्र सरकार’. काही ठिकाणी तर ‘देशाच्या प्रगतीसाठी केंद्र सरकारने’. आमच्या माणसांना कोणी हसू नये, एवढंच मला हवं होतं. आमच्या घराचा फॉर्म तर मी कोणाला न विचारताच भरला. मूळ कागद गिरणीमागच्या पाणी तापवायच्या बंबात घातले.

बाई परत आल्या. त्यांनी गठ्ठा घेतला, आणि खुर्ची कठड्याजवळ ओढून दिवसभर वाचत बसल्या. मध्ये एकदाच मला हाक मारली.

"इतक्या जणांनी हाच शब्द वापरला? केंद्र सरकार?"

"हो, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता म्हणजे तसंच असणार."

मग त्यांनी जे केलं ते बाईंशिवाय कोणी केलं नसतं. त्यांचा निबंध अर्धा लिहून झाला होता. त्यात त्यांचं म्हणणं असं, की अशा गावांतल्या माणसाला राज्य म्हणजे त्याच्या दारात येणारा शेवटचा माणूस वाटतो, त्याच्या वरचं त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. कित्येक वर्षं त्या हे मांडत आल्या होत्या. तो अर्धा निबंध त्यांनी माझ्यासमोर उभा फाडला आणि खाली जाऊन गिरणीतल्या सगळ्यांसाठी जिलब्या मागवल्या. हमाल विचारू लागला, "बाई, पास झालात काय?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "नापास झाले. ह्यांनी केलं." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. आपण ज्यांना कमी लेखलं ती माणसं शहाणी निघाली, याचा तो आनंद होता. मी जिलबी खाल्ली.

त्याच महिन्यात त्यांनी माझ्या एम.ए.च्या प्रवेशासाठी पत्र लिहिलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली. नवा निबंध वर्षभरानं छापून आला. त्याची वाखाणणी झाली. परदेशातल्या एका विद्यापीठानं त्यांना वर्षभर शिकवायला बोलवायचं ठरवलं असंही कानावर आलं. मी गप्प होतो. वाटलं, कोणाचं काय बिघडलं?

ते मला वर्गात कळलं. आमचे एक प्राध्यापक बाईंचा निबंध शिकवत होते. एका हुशार मुलानं विचारलं, "म्हणजे सर, घरं हलवली तरी त्या लोकांना निर्णय कोणाचा, कशासाठी, हे सगळं माहीत होतं?"

"होतं. निबंधात स्पष्ट आहे."

"आणि तरी त्यांनी हरकत घेतली नाही."

"बरोबर. जाणून असूनही हरकत नाही, याला आपल्या शास्त्रात संमती म्हणतात." आणि त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला.

मी त्या शब्दाकडे पाहत राहिलो. कोळीबाबा, शेजारचा माणूस, ‘ठाव नाय’ म्हणणाऱ्या त्या सगळ्या बाया, त्यांच्या वतीनं मी संमती देऊन आलो होतो. त्यांना कोणी हसू नये म्हणून. उद्या आणखी कुठे कोणाची घरं हलवायची झाली तर कोणीतरी हा निबंध उघडून दाखवील, आणि खाली पुरावा म्हणून माझं अक्षर असेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी न जाता बोईसरला उतरलो आणि पुन्हा एकदा घरोघर फिरलो. मग मासवणला गेलो. मग बाईंना पत्र लिहिलं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. बाईंनी त्या नियतकालिकात अर्ध्या पानाचा खुलासा छापला. ‘निबंधाचा निष्कर्ष मागे घेत आहे. नोंदी तपासून घेण्यात कसूर झाली, ती माझी.’ माझं नाव कुठेही नव्हतं. परदेशचं बोलावणं नंतर आलं नाही. कशामुळे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायला मला तोंड नव्हतं. मला त्यांचं एक कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, ‘पत्र व उत्तरे पोचली. फॉर्म तीन प्रतींत करा. सोमवारी भेटा.’ सोमवारी मी गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आम्ही कामाला लागलो. त्या विषयावर त्या हयात असेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. कधी कधी वाटतं, बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्या पश्चात त्यांच्या कागदांत माझं पत्र मिळालं, ते त्यांच्या भाच्यानं मला परत दिलं. ते असं आहे.

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

चौदाव्या प्रश्नाची जी उत्तरे मी आपल्याला दिली ती लोकांची नव्हती. ती मी लिहिली. मूळ फॉर्म मी बंबात जाळले. आपण मला विचारले तेव्हा मी खोटे बोललो. याला मी काही कारण देत नाही, कारण जे कारण आहे ते सांगण्यासारखे नाही.

मी सगळ्या घरांतून पुन्हा जाऊन आलो. जी माणसे भेटली त्यांची उत्तरे सोबत आहेत, त्यांच्याच शब्दांत. पुष्कळांनी मला ओळखले. एक बाई म्हणाल्या, "परत काय इचारतस? मागं सांगलं तं लिवून नेलंस ना?" मी म्हणालो की ते माझ्याकडून बिघडले. त्या म्हणाल्या, "बरं, लिव मग. ठाव नाय." ज्या कोळीबाबांनी तलाठ्याचे नाव सांगितले होते ते पावसाळ्यात वारले. त्यांच्या सुनेला विचारले. ती म्हणाली, "त्यांचा तं त्यांनी सांगलाच आसंल." त्यांचे मूळ उत्तर मला आठवते, ते मी लिहिले आहे, पण ते आठवणीतून लिहिले आहे अशी नोंद केली आहे. ते धरायचे की नाही हे आपण पाहावे. काही घरे बंद होती, माणसे कामासाठी बाहेर गेली आहेत. त्यांचे फॉर्म कोरे ठेवले आहेत.

एम.ए.चा प्रवेश मला आपल्या शब्दावर मिळाला. आपण तो शब्द मागे घ्यावा असे मला वाटते. वसतिगृहाची खोली मी या महिन्याअखेर सोडू शकतो. विभागप्रमुखांना मी स्वतः भेटून सांगेन, फक्त आधी आपल्याला सांगणे मला जरूर वाटले.

एक फॉर्म सर्वांत खाली आहे, तो माझ्या आईचा. मागच्या वेळी आमच्या घरात मी कोणाला विचारलेच नव्हते. या वेळी तिला पडवीत गाठले. ती भात पाखडत होती. प्रश्न ऐकून म्हणाली, "मला कशाला इचारतस? मी तं समुद्र पन नाय बगला." मी म्हणालो, तरी सांग. म्हणाली, "ठाव नाय." मी ते लिहू लागलो तेव्हा तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, "मागं माज्या नावावर काय लिवलंतस?" मी सांगितले. तिने हाताचा कोंडा पदराला पुसला. मग म्हणाली, "मंग माजं उत्तर तू ठरवलंस. तसं लिव."

तसे लिहिले आहे.

आपला विद्यार्थी